जुन्या साड्यांची गोधडी: गाठोडं सोडल्यापासून घडी घालेपर्यंत

दिवाळी सरली की ब्लाउजची आणि फॉल-पिकोची गर्दी ओसरते आणि दुकानात गाठोडी यायला लागतात. चादरीत बांधलेल्या सात-आठ जुन्या साड्या, एखादं नऊवारी लुगडं, कधी धोतर, आणि सोबत ठरलेला प्रश्न: "किती दिवसांत मिळेल?" गाठोडं सोडून प्रत्येक साडी हाताखालून गेल्याशिवाय आम्ही दिवसही सांगत नाही आणि पैसेही. गोधडी वर्षानुवर्षं अंगावर राहणार की दोन धुण्यांत उसवणार, याचा निम्म्याहून जास्त निकाल सुईत दोरा ओवण्याआधी लागलेला असतो. म्हणून टाक्यांआधी कापडाबद्दल.

साडी उलगडून दिव्यासमोर धरायची. सहावारी सगळीकडे सारखी झिजत नाही. जमिनीशी घासणारी फॉलची कड, खांद्यावर पिन लागते ती जागा आणि बसण्याची जागा आधी विरते. परकरात खोचलेलं आतलं टोक मात्र पुष्कळदा नव्यासारखं असतं. नऊवारीत काष्ट्याची पट्टी सगळ्यात आधी जाते, निऱ्यांचा भाग घट्ट राहतो. उजेडात पातळ दिसलेल्या जागी दोन्ही अंगठे दोन इंचांवर ठेवून कापड उभं आणि आडवं, दोन्हीकडे ताणायचं. चांगलं सुती कापड ताण घेऊन जागेवर येतं. विरलेलं कापड चर्र आवाज करत धाग्याधाग्यानं सुटतं. तेवढा भाग खडूनं खुणेत घ्यायचा आणि कापून काढायचा. "आतल्या थराला कोण बघतंय, घाला की," असं गिऱ्हाईकच पुष्कळदा म्हणतं. आम्ही घालत नाही. आत फाटलेला थर धुताना गोळा होतो, एका कोपऱ्यात ढीग आणि शेजारी पोकळी तयार होते, आणि गोधडी उसवल्याशिवाय ते नीट करता येत नाही.

फॉल उसवून बाजूला ठेवायचा. तो सुती असेल तर पाच इंच रुंदीची ती लांब पट्टी पुढे गोटाला, म्हणजे गोधडीच्या कडेवर बसवायच्या पट्टीला, कामी येते. शिवाय फॉलखाली साडीचा मूळ रंग दिसतो, म्हणजे बाकीची साडी धुण्यानं आणि उन्हानं किती उतरली आहे ते कळतं. फार उतरलेली साडी वरच्या थरात घेत नाही.

आता साड्या निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरच्या असतात आणि नुसत्या स्पर्शावरून खात्री होत नाही, कारण सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं कापडही मऊ लागतं. टोकाचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघायचे. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि बोटात चुरडली की नाहीशी होणारी राखाडी राख ठेवतं. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी बनतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळायचे, पुष्कळ साड्यांत दोन्ही एकसारखे नसतात. इरकलीचं उदाहरण आमच्या भागात नेहमीचं. अंग सुती आणि पदर रेशमाचा किंवा चमकी धाग्याचा, म्हणजे रेयॉनचा. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद उतरते, त्यामुळे तो लाल पदर हौसेनं वर लावलेली गोधडी पहिल्यांदा पिळली की पदराच्या जागीच फाटते. इरकलीचं अंग आम्ही आनंदानं घेतो, गोधडीसाठी त्याच्याइतकं चांगलं कापड कमी असतं. पदर कापून परत देतो, त्याची उशीची खोळ छान होते.

पॉलिएस्टर साड्या सरसकट परत करत नाही. त्यांचा दोष दोन ठिकाणी असतो: घाम शोषत नाहीत आणि एकमेकींवर सरकतात. दोन पॉलिएस्टर थर लागून आले तर कच्चा टाका (थर धरून ठेवायला आधी घातलेले लांब, तात्पुरते टाके) कितीही घाला, शिवताना एक थर पुढे पळतो. म्हणून एक सुती, एक पॉलिएस्टर असे आळीपाळीनं थर आणि अंगाला लागणारी बाजू सुतीच, हा आमचा नियम. सगळ्याच साड्या पॉलिएस्टरच्या असतील तर गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की अस्तराला आणि मधल्या एका थराला मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, घ्यावा लागेल. भरजरी साडी गोधडीत नकोच. जर टोचते आणि घासून शेजारचं सूत कापते.

रंग जातो का, हे बघण्याची रीत साधी आहे. पांढरी सुती चिंधी कोमट पाण्यात भिजवून साडीच्या गडद भागावर ठेवायची आणि वरून गरम इस्त्री दाबायची. चिंधीवर रंग उतरला तर ती साडी वेगळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो यावर आम्ही भरवसा ठेवत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल तर ती साडी फिक्या साड्यांबरोबर जात नाही. लाल, किरमिजी आणि गर्द निळ्या रंगांनी सगळ्यात जास्त गोधड्या खराब केल्या आहेत. सगळ्या साड्या कापण्याआधी धुवून, खळ पूर्ण काढून वाळवायच्या. खळ राहिलेल्या कापडात सुई अडते आणि त्या खळीवर पुढे बुरशी धरते, झुरळंही लागतात.

नवीन मांजरपाटाची गोष्ट उलटी असते. इचलकरंजीचा कोरा मांजरपाट आम्ही तागा घेतो, तो रात्रभर पाण्यात भिजवतो आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धुवून वाळवतो. मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर तो सहज आटतो. जुन्या साड्या शेकडो वेळा धुतलेल्या, त्या आता आटत नाहीत. कोरं अस्तर तसंच लावलं तर पहिल्या धुण्यानंतर ते आखडतं आणि वरची बाजू सगळीकडे चुण्या धरून फुगते. गिऱ्हाइकाला वाटतं शिवण वाईट होती.

आता हिशेब. एकेरी गोधडी ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, रुंदी ४५ इंचांच्या आसपास. पुष्कळजण ८४ इंचांचे दोन तुकडे कापून शेजारी जोडतात. रुंदी ९० होते, त्यातले ३० इंच वाया जातात आणि एका साडीत एकच थर बसतो. आम्ही साडी ६२-६२ इंचांवर आडवी कापतो. एका साडीचे तीन तुकडे निघतात आणि ३० इंच उरतात. असे दोन तुकडे काठाला काठ जोडले की लांबी ८९ इंच मिळते. म्हणजे दोन साड्यांत तीन थर. पाच थरांच्या गोधडीला दहा तुकडे, म्हणजे चार साड्या, आणि दोन तुकडे दुरुस्तीसाठी हातात राहतात. नऊवारी सव्वाआठ मीटर, तिचे पाच तुकडे होतात, म्हणजे अडीच थर. काठ रुंद आणि जरीचा असेल तर तो कापावा लागतो, मग दोन तुकड्यांत लांबी पुरत नाही आणि उरलेल्या तुकड्यांची पट्टी जोडावी लागते.

हे दोन-दोन इंच जास्तीचे का? शिवताना कापड आखडतं. टाके जितके जवळ तितकं जास्त. ८४ इंचांत दोन इंच सहज जातात.

थर किती घ्यायचे ते वापरावर आहे. पावसाळ्यात आणि हलक्या थंडीत पांघरायला तीन, डिसेंबर-जानेवारीला पाच, खाली अंथरायला सात. पाच थरांची एकेरी गोधडी साधारण सव्वा किलो भरते. सातच्या पुढे हातसुईनं एका दमात तीन-चार टाके भरता येत नाहीत, प्रत्येक टाका वरून खाली आणि खालून वर असा घ्यावा लागतो, वेळ दुप्पट होतो.

सगळ्या थरांचे जोड एकाखाली एक आले तर मधोमध कडक वळ उठतो आणि घडी तिथेच पडून कापड झिजतं. म्हणून एक थर मधे जोडलेला आणि पुढचा अर्धा तुकडा, पूर्ण तुकडा, अर्धा तुकडा असा जोडलेला घेतो. आतल्या थरांचे जोड दुमडून शिवत नाही. अर्धा इंच एकावर एक ठेवून दोन ओळी शिवणी मारतो, म्हणजे जाडी वाढत नाही.

थर मांडण्याला फरशीच लागते, टेबलावर हे काम होत नाही. दुकान बंद झाल्यावर किंवा दुपारी शटर निम्मं ओढून फरशी पुसून घ्यायची. अस्तर उलटं पसरायचं, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहातानं सारखा करायचा, ओढायचा नाही. ओढून बसवलेला थर टाके पडल्यावर मागे येतो आणि शेजारच्या थरात झोळ पडतो. सगळे थर मांडले की कच्चा टाका, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे, वीतभर अंतरानं, मग आडवा तसाच. सेफ्टी पिनांनीही काम होतं, पण विरविरीत साडीत पिनेचं भोक राहतं. या कच्च्या टाक्याला आमच्याकडे दोघींचे दोन-तीन तास जातात आणि गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. तरी घाईच्या दिवसांतही हे काम आम्ही कमी करत नाही.

हातशिलाईत परंपरेनं कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असं आत जातात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही कडेकडून आत येतात आणि चिंध्या जोडत जोडतच टाके घालतात, त्यांच्या कोपऱ्यांवरची घडीची फुलं फार सुंदर असतात. या पद्धतीत धोका एकच: जास्तीचं कापड सरकत सरकत मध्ये जमतं आणि शेवटी पोट येतं. कच्चा टाका मधून घातलेला असेल तर ते टळतं. धावदोरा इंचाला चार, ओळींत एक इंच अंतर. दोरा तीनपदरी सुती, दीड हाताहून लांब घ्यायचा नाही. लांब दोरा पीळ खाऊन गाठी मारतो आणि शेवटचा भाग कापडातून इतक्यांदा ओढला जातो की त्याची लव निघते. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची. दोरा ताणून ओढायचा नाही, कारण जुन्या कापडापेक्षा नवा दोरा मजबूत असतो आणि ताणात दोरा राहतो, कापड भोकाभोकानं फाटतं.

दोऱ्याचा आणि वेळेचा अंदाज असा: गोधडीचे चौरस इंच भागिले ओळींतलं अंतर. ६० गुणिले ८४ म्हणजे ५०४० चौरस इंच, ओळी एक इंचावर असतील तर ५०४० इंच शिवण, १२८ मीटर. हाताला दोरा दीडशे मीटरच्या आसपास लागतो. सवयीच्या हाताला ६० इंचांची एक ओळ दहा-बारा मिनिटं घेते, म्हणजे नुसते टाके चौदा ते सोळा तास. अर्ध्या इंचावर ओळी हव्यात असं कोणी म्हणालं तर दोरा आणि वेळ दोन्ही दुप्पट. आम्ही दर चौरस फुटावर लावतो, एकेरी ३५ फूट, साडेसात बाय आठची दुहेरी ६० फूट, आणि अंतराप्रमाणे दर बदलतो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की घासाघीस राहत नाही. हाताच्या गोधडीचा दर बघून "मशीनवर एवढ्यात होते की" असं म्हणणाऱ्यांना दोन्ही गोधड्या हातात देतो. मशीनची कडक राहते, हाताची अंगावर पडते. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, पण हाताच्या कामाची मजुरी कमी करून मागू नये. त्या सोळा तासांत मान आणि डोळे दोन्ही जातात.

मशीनवर सुरुवात मधल्या ओळीपासून, मग एका बाजूला कडेपर्यंत, मग फिरवून दुसऱ्या बाजूला. मशीनचे खालचे दाते खालचं कापड मागे ओढतात आणि वरचं कापड मशीनच्या दाबणाऱ्या पायाखाली अडतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला वरचा थर थोडा पुढे ढकलला जातो. उपाय तीन: पायाचा दाब वरच्या स्क्रूनं कमी करायचा, टाका लांब ठेवायचा, इंचाला सहा-सात, आणि जमलं तर वॉकिंग फूट बसवायचा, तो वरूनही कापड पुढे नेतो. शेजारच्या दोन ओळी उलट दिशांनी चालवल्या तर मधल्या पट्टीत तिरक्या लाटा उठतात. सगळ्या एकाच दिशेनं चालवल्या तर लाटा नसतात पण गोधडी किंचित तिरकी होते. आम्ही दुसरा मार्ग घेतो, तिरकेपणा कापून काढता येतो.

गोधडीची गुंडाळी करून अर्धा भाग मशीनच्या हाताखालून न्यावा लागतो. तिचं वजन टेबलावरून खाली लोंबलं की टाके आखूड पडतात आणि सुई वाकते. मशीनच्या मागे आणि डावीकडे त्याच उंचीचं स्टूल किंवा बाकडं हवंच. सुई १६ नंबरची, पाच थरांपुढे १८. प्रत्येक गोधडीला नवी सुई लावतो. बोथट सुई टाका सोडते, वाकलेली सुई खालच्या पट्टीवर आपटून तुटते आणि तुटलेलं टोक थरांत राहू शकतं. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून बघितल्याशिवाय पुढे शिवायचं नाही, एखादा तुकडा कमी असेल तर लोहचुंबक फिरवायचं. दोन इंचांवर ओळी घेतल्या तर ६४ मीटर शिवण होते, वर-खाली मिळून पावणेदोनशे मीटर दोरा आणि दोन-तीन बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळं. बॉबिन ओळीच्या मध्ये संपलं की जोड दिसतो, म्हणून ओळ सुरू करण्याआधीच बघायचं.

जुन्या साड्या लव फार सोडतात. दर बॉबिनला सुईखालची पट्टी उघडून दात्यांमधली आणि बॉबिनकेसमधली लव ब्रशनं काढली नाही तर ती तेलात भिजून घट्ट बसते, दाते पूर्ण वर येत नाहीत आणि कापड सरकणं बंद होतं. टाके लहान-मोठे यायला लागले की लोक दोऱ्याचा ताण फिरवत बसतात. पुष्कळदा नुसती सफाई पुरते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवायचं, गोधडीवर पडलेला तेलाचा डाग थरांत उतरतो.

शिवून झाली की दोन्ही कर्ण मोजायचे. ६० बाय ८४ चा कर्ण १०३ इंच आणि पाव. दोन्हींत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर कड पुन्हा आखून कापायची. मगच गोट. घेर २८८ इंच, त्याला ३०० इंच पट्टी, तीन इंच रुंद, उभी दुमडून. सरळ कडेला सरळ कापलेली पट्टी चालते, तिरकी पट्टी गोल कोपऱ्यालाच लागते. कोपऱ्यावर जितकी शिवण धरली असेल तितकं अंतर राखून थांबायचं, पट्टी वर तिरकी दुमडून परत खाली आणायची, म्हणजे टोक धारदार बसतं. साडीचाच काठ गोटाला हवा असेल तर तो पायाकडच्या बाजूला लावतो, गळ्याकडे तो रुतून पुरळ उठतं.

दुपट्यांचं काम वेगळं. बारशाच्या आधी येतं आणि तारीख हलत नाही. तीन थर, आजोबांचं धोतर किंवा आजीचं मऊ लुगडं, ४० इंचांचा चौकोन. टाका पाव इंचाहून मोठा नको, बाळाचं बोट त्यात अडकतं. लेस, मणी, टिकल्या काही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गरम पाण्यात दोनदा धुवून कडक उन्हात वाळवूनच देतो.

गेलेल्या आईच्या साड्या घेऊन येणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. त्यांच्या गाठोड्याला आम्ही वेगळी पिशवी आणि पावतीचा नंबर देतो, प्रत्येक साडीचा फोटो काढतो आणि कात्री लावण्याआधी विचारतो: कोणता पदर वर दिसायला हवा, कोणती साडी कापूच नये, हा हळदीचा डाग ठेवायचा की काढायचा. "ताई, तो डाग राहू द्या," असं सांगणारे असतात. उरलेली प्रत्येक चिंधी त्यांना परत जाते. परदेशी पाठवायची असेल तर हवा काढायच्या पिशवीत ती छोटी होते, वजन तेवढंच राहतं, आणि पोचल्यावर लगेच पिशवीतून काढायची, दाबून राहिलेल्या घड्या सुतात बसतात.

देताना धुण्याबद्दल बजावून सांगतो. एकेरी गोधडी सहा किलोच्या मशीनमध्ये एकटीच धुवावी. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरावी. एकाच दोरीवर ओली गोधडी टाकली तर सगळं पाणी खालच्या कडेला उतरतं आणि त्या वजनानं टाके ताणले जातात. पावसाळ्यात धुवूच नये, आतला थर सुकत नाही आणि आठवड्यात वास धरतो.

सगळ्यात आधी गळ्याकडचा गोट झिजतो, तो बदलून मिळतो. पुढे वरचा थर ठिकठिकाणी विरला की सगळी गोधडी नव्या कापडात घालून पुन्हा शिवायची. जुनी गोधडी तेव्हा आतला भरीव थर बनते आणि हातानं दोन इंचांवर ओळी घातल्या तरी पुरतात. मात्र त्याआधी जुना गोट पूर्ण उसवून काढावा लागतो. त्या कडेवर आधीच सात-आठ पदर असतात, त्यावर नवा गोट धरला की १८ नंबरची सुईसुद्धा आत जात नाही.